वाचक विचारतात: मॉरिशसला खायचं काय, बघायचं काय?

सुट्टीचे बेत सुरू झाले की मॉरिशसचे प्रश्न यायला लागतात, यंदा तर रांगच लागलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. व्हिसाचं मात्र आधीच सांगून टाकते म्हणजे पुन्हा पुन्हा नको: भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा, निघायच्या आधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरा. झालं.

प्रश्न: लग्न डिसेंबरात झालं, आता मेमध्ये मॉरिशस ठरवतोय. एजंट म्हणतोय ऑल इन्क्लुझिव्हच घ्या, बाहेर सगळं महाग असतं आणि संध्याकाळनंतर काही उघडं नसतं. हाफ बोर्डपण आहे, ते थोडं स्वस्त पडतंय. काय घ्यावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: एजंट अर्धं खरं बोलतोय आणि अर्धं स्वतःच्या कमिशनचं बोलतोय. संध्याकाळनंतर शुकशुकाट, हे बऱ्याच गावांत खरं आहे, दुकानं पाच-सहाला शटर ओढतात, बसही लवकर बंद होतात. पण बाहेर सगळं महाग हे साफ खोटं. काय आहे ना, बाहेर खायचं तर हा देश दुपारचा आहे. सकाळी नऊ-दहापासून दोन-अडीचपर्यंत बस स्टँडवर, बाजारात, शाळेच्या कोपऱ्यावर, बीचवरच्या गाड्यांवर जे काय खायला मिळतं ते तिथलं खरं जेवण, स्वस्त आणि ताजं, आणि नेमकं त्या वेळेत आपण रिसॉर्टच्या बुफेसमोर पास्ता वाढून घेत असतो कारण पैसे आधीच भरलेत ना, वसूल करायचेत.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे, दुपारचं जेवण रिसॉर्टमध्ये कधीच नाही. रात्रीचं कुठे ते मुक्कामावर ठरवा. पूर्व किनाऱ्यावर बेल मारच्या बाजूला राहणार असाल तर हाफ बोर्ड घ्या, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, कारण तिकडे अंधार पडल्यावर हॉटेलबाहेर फारसं काही नाही आणि टॅक्सीवाला जाऊन-येऊन जे मागेल त्यात दोघांचं जेवण होईल. उत्तरेला ग्राँ बे किंवा पेरेबेर, नाहीतर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला असाल तर नुसता नाश्ता पुरे, पायी फिरत जेवता येतं, चायनीज, इंडियन, पिझ्झा, मासे, सगळं आहे. ऑल इन्क्लुझिव्ह फक्त त्यांना परवडतं जे दिवसभर पूलवर बसून ड्रिंक्स मागवणार आहेत. तुम्हाला तेच करायचं असेल तर खुशाल करा, नवीन लग्न झालंय, मी कोण बोलणारी! पण मग बेट बघायचं राहून जातं एवढंच.

प्रश्न: सासू-सासरे पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. थेपले, चिवडा, रेडी टू ईट उपमा अशी बॅग भरून न्यावी का? तिकडे त्यांचे हाल होतील का? – एक सूनबाई, नाशिक रोड

उत्तर: चिवडा न्या, सासऱ्यांना चहाबरोबर लागेल. पण पूर्ण बॅग भरू नका, गरज नाही. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं मात्र अजिबात नेऊ नका, परवान्याशिवाय चालत नाही, उगाच विमानतळावर बॅग उघडून बसावं लागेल.

आता धोल पुरीबद्दल सांगते, कारण तुमच्या सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटेल. हरभऱ्याची डाळ शिजवून, हळद-जिरं घालून, बारीक वाटून पातळ पोळीत भरतात, म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच समजा, फक्त जास्त मऊ आणि इतकी पातळ की उजेडात धरली तर पिवळी दिसते. गाडीवाल्याकडे कापड अंथरलेला एक मोठा डबा असतो, झाकण उघडलं की वाफ येते. तो डब्यात हात घालून एकदम दोन काढतो, कारण ती जोडीनेच विकतात, एक मागितली तरी दोनच मिळतात. त्या कागदावर टाकल्या की एका हाताने डबल बीची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार दाट रस्सा) आणि कोथिंबिरीची चटणी भराभर फासतो, वर मिरचीचं लोणचं, मग गुंडाळून, कागद पिळून हातात. हे सगळं तुम्ही पाकीट काढेपर्यंत उरकलेलं असतं. खाताना पुढे वाकून खायचं, नाहीतर रस्सा शर्टावर. एका जोडीला आपले पन्नास-साठच्या आतबाहेर पडतात आणि दोन जोड्यांत जेवण होतं. मैद्याची असते हे मात्र खरं, ज्यांना मैदा सोसत नाही त्यांनी जपून.

तिखटाचं सांगून ठेवते. मॉरिशसची मिरची छोटी असते आणि दिसते त्यापेक्षा वाईट असते. गाडीवाला "पिमा?" असं विचारेल, म्हणजे मिरची घालू का. नको असेल तर "सां पिमा" म्हणायचं. सासूबाईंसाठी अजून तीन पाठ करून घ्या: "सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ", मांस नको, मासा नको, अंडं नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर समजतात, पण चायनीज ठिकाणी भाजीच्या नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस (कालवांचा) जाऊ शकतो, तो त्यांना मांसाहार वाटत नाही, तेव्हा खोदून विचारा. गातो पिमा म्हणजे डाळीचे छोटे तिखट वडे, पावात लोणी लावून त्यात भरून सकाळी खातात, मस्त लागतात, फक्त त्याच कढईत फिश कटलेट तळतायत का ते बघून घ्या.

बाकी भाताबरोबर डाळ, पालेभाजी (तिला ब्रेद म्हणतात, शेवग्याचा पालासुद्धा असतो त्यात), चटणी, लोणचं हे तिथल्या घरोघरी रोजचं आहे. हिंदू घरांत लग्नाकार्याला आणि सणाला केळीच्या पानावर सात भाज्यांचं शाकाहारी जेवण असतं, काही हॉटेलांतही ठरावीक दिवशी करतात, चौकशी करा. आणि बाजारात आलूदा प्या, दूध, सब्जा, चायना ग्रासचे तुकडे, थंडगार.

प्रश्न: मूळचे मालवणचे, मासे खाणारे. समुद्रकिनारी जाऊन तरी नीट मासे मिळतील ना? की सगळीकडे फ्राइड कलामारी विथ मेयो? – एक वाचक, दादर

उत्तर: रिसॉर्टमध्ये राहिलात तर मेयोच! बाहेर पडा.

विंदाय शोधा आधी. तळलेला मासा, हळद, वाटलेली मोहरी, लसूण, हिरवी मिरची आणि व्हिनेगर, एक-दोन दिवस मुरवून गारच खातात, पावाबरोबर किंवा भाताबरोबर. नारळ नाही, कोकम नाही, त्यामुळे मालवणी जिभेला पहिल्या घासाला अनोळखी वाटेल, पण मोहरीचा झणका असा चढतो की दुसऱ्यांदा वाढून घ्याल. ऑक्टोपसचीही विंदाय होते आणि रस्साही होतो, त्याला कारी ऊरित म्हणतात, बरेच जण त्यात कच्ची पपई घालतात. साधारण 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर ऑक्टोपस पकडायला बंदी असते, तेव्हा त्या काळात ताटात आला तर तो फ्रीजरमधला, हे धरून चाला. स्मोक्ड मार्लिन पातळ कापून लिंबू पिळून देतात, ते स्टार्टर म्हणून मागवा. खारवलेल्या माशाची रुगाय पण असते, सुकं खाणाऱ्यांना ती आवडेलच.

लॉबस्टर मागवायच्या आधी वजनावर दर आहे का ते विचारा, मेन्यूत नुसतं "बाजारभाव" लिहिलेलं असतं आणि बिल आलं की हनीमून संपतो.

खाण्यासाठी म्हणून माएबूरला जा, दक्षिण-पूर्वेचं जुनं गाव, विमानतळाजवळच. सोमवारी तिथे मोठा बाजार भरतो, अर्धा भाजीचा, अर्धा कपड्यांचा, मधे खाण्याच्या गाड्या. बुलेत म्हणजे वाफवलेले मासळीचे किंवा चायोतेचे (दुधीसारखी एक फळभाजी) गोळे सूपमध्ये घालून देतात, ते तिथे खा. आणि बाजार झाला की शेजारी ब्लू बे, मरीन पार्क आहे, तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ दिसतात. पोहता न येणाऱ्यांनाही. एकाच दिवसात पोट आणि डोळे दोन्ही भरतात, आणि रिसॉर्टवाला यातलं काही सांगत नाही.

एक सूचना, दक्षिण-पश्चिमेला शामारेल गावाच्या बाजूला घरगुती जेवणाच्या ठिकाणी हरणाचा आणि रानडुकराचा रस्सा असतो. हरणं जावाहून डचांनी 1639 मध्ये आणली, आता तिथे ती पाळतात, खातात, बेकायदा काही नाही. पण बोर्डवर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं म्हणून न विचारता मागवू नका. बीफचंही तेच.

प्रश्न: पॅकेजमध्ये "साउथ टूर" एका दिवसात आहे, त्यात क्रेटर, गंगा तलाव, शामारेल, सात रंगांची माती, धबधबा, रम फॅक्टरी, शिप मॉडेल फॅक्टरी, डायमंड शोरूम असं सगळं लिहिलंय. जमतं का एवढं? आणि सात रंगांची माती खरंच बघण्यासारखी आहे का? – एक कुटुंब, कोल्हापूर

उत्तर: जमतं, पण शेवटचं दोन कापा. शिप मॉडेल आणि शोरूम ही ड्रायव्हरच्या कमिशनची ठिकाणं. लाकडी जहाजं सुंदर करतात हो, जुनी कारागिरी आहे, घ्यायचं असेल तर आवर्जून जा, पण नसेल घ्यायचं तर तिथे जो तास-दीड तास जातो तो तुमच्या दुपारच्या उन्हाचा जातो, आणि या टूरमध्ये ऊन हीच खरी गोष्ट आहे. आमच्या ड्रायव्हरलाही सकाळी गाडीत बसतानाच सांगितलं होतं की शॉपिंग नाही, तरी तो "फक्त पाच मिनिटं" म्हणत एका शोरूमच्या दारात घेऊन गेलाच, आम्ही गाडीतून उतरलोच नाही. तुम्हीही उतरू नका.

ऊन का म्हणते ते सांगते. बेटाचा मधला भाग पठार आहे, वाऱ्याबरोबर आलेले ढग तिथे अडकतात, पठारावरच्या क्यूरपीप गावाला छत्री आणि फ्लिक-आं-फ्लाकला गॉगल हे एकाच वेळी चालतं. दुपारी ढग वाढत जातात. म्हणून लवकर निघा, सातला निघालात तर उत्तम. आधी क्यूरपीपचं त्रू ओ सेर हे क्रेटर, ज्वालामुखीचं तोंड, आता आत झाडी, वीस मिनिटं पुरतात. मग गंगा तलाव. तोही क्रेटरमधलाच तलाव आहे, महाशिवरात्रीला देशभरातून लोक पायी चालत येतात, कावड घेऊन. तलावाकडे जातानाच मंगल महादेवाची 33 मीटर उंच मूर्ती आहे, 2007 मध्ये उभी राहिली, वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या शंकरावरून घेतलीय, त्यामुळे बडोद्याचे नातेवाईक असतील तर त्यांना फोटो पाठवा, ते म्हणतील हा तर आमचाच. तिथे गार वारं असतं, धुकं असतं, म्हाताऱ्यांना शाल द्या, आणि माकडांपासून प्रसाद सांभाळा.

तिथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या नॅशनल पार्कमधून रस्ता खाली उतरतो, व्ह्यू पॉइंटवर थांबा. मार्च ते जूनच्या सुमाराला रानात लाल छोटे पेरू लागलेले असतात, रस्त्याच्या कडेला मीठ-मिरची लावून विकतात, घ्याच.

आता शामारेलची सात रंगांची माती. बसाल्ट झिजून त्याची माती झाली, सिलिका वाहून गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरले, त्यातून लाल, तपकिरी, जांभळट, निळसर अशा छटा आल्या. गंमत म्हणजे त्यावर काही उगवत नाही. पण जागा लहान आहे. कठड्याबाहेर उभं राहून बघायची, आत उतरता येत नाही. ऊन असेल तर रंग उठून दिसतात, ढग असतील तर इंटरनेटवरचा फोटो आठवून मन रमवावं लागतं. धबधबा त्याच तिकिटात आहे, आणि मला विचाराल तर मातीपेक्षा धबधबाच बरा. मुलांना तिथली मोठी कासवं आवडतात. ढगाळ दिवस असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी जा, कोल्हापूरहून एवढ्या लांब जाऊन राखाडी माती बघू नका.

रम फॅक्टरीत उसाच्या रसापासून थेट रम करतात, मळीपासून नाही. कोल्हापूरकरांना उसात नवीन काय दाखवणार म्हणा, पण चरक आणि भट्टी बघताना तुम्हालाच सगळ्यात जास्त मजा येईल आणि गाइडला तुम्हीच प्रश्न विचाराल. ड्रायव्हरला फक्त वास घेऊ द्या.

शेवटी पश्चिमेला उतरून ल मॉर्नचा डोंगर, 556 मीटर. सुट्टीच्या फोटोंत नेहमी असतो तो. पण तिथे दोन मिनिटं थांबून माहिती फलक वाचा. पळून गेलेले गुलाम या डोंगराच्या कड्यांत लपून राहत, म्हणून 2008 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. वर चढायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा, पहाटे सुरुवात, शेवटचा टप्पा हाता-पायांनी चढायचा खडक आहे, लोहगडासारखं पायऱ्यांचं काम नाही.

प्रश्न: समुद्रातला धबधबा कुठल्या बीचवरून दिसतो? – कॉलेज ग्रुप, पुणे

उत्तर: कुठल्याच नाही. तो दृष्टिभ्रम आहे, ल मॉर्नजवळ वाळू आणि गाळ उताराने खोल पाण्यात सरकतो, वरून बघितलं की पाणीच कोसळतंय असं वाटतं. वरून म्हणजे हेलिकॉप्टरमधून, आणि ते महाग असतं. बोटवाला म्हणाला "दाखवतो" तर हसून पुढे जा.

प्रश्न: इल ओ सर्फची फुल डे ट्रिप घेतलीय, कॅटामरान, बार्बेक्यू लंच, वॉटर स्पोर्ट्स. मला पोहता येत नाही, मिस्टरांना येतं असं ते म्हणतात. कितपत सेफ? बीचवर एजंट स्वस्तात देतो म्हणतात, घ्यावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: "येतं असं ते म्हणतात" हे वाचूनच मी समजले!

मुख्य बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत, उथळ राहतं, म्हणून मॉरिशस पोहता न येणाऱ्यांना सोपं जातं. पण भिंतीत जिथे खिंड आहे तिथे ओढ जबरदस्त असते, आणि दक्षिणेला ग्रिग्रीच्या बाजूला भिंतच नाही, तिथे फक्त बघायचं, पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

पायात रबरी बूट हवेत. समुद्री साळिंदर, म्हणजे ते काळे काटेरी गोळे, दगडांत असतात, आणि दगडासारखाच दिसणारा स्टोनफिश विषारी असतो. बूट इथूनच घेऊन जा, तिकडच्या टुरिस्ट दुकानात उगाच जास्त पडतात.

जून ते सप्टेंबर वारा दक्षिण-पूर्वेकडून जोरात येतो, आणि इल ओ सर्फ हे छोटं बेट आहे पूर्वेलाच, तेव्हा त्या महिन्यांत बोट हलते. उलटीची गोळी नाश्त्याच्या आधी घ्या. वारा फारच असेल तर त्याच पैशांत पश्चिमेची इल ओ बेनितियेची ट्रिप मिळते का बघा, ती बाजू आडोशाला आहे. बार्बेक्यूत मासा आणि चिकन असतं, व्हेज आधी सांगावं लागतं, त्या दिवशी सकाळी सांगितलं तर सॅलड आणि पाव मिळतो.

बीचवरच्या एजंटकडून घ्यायला हरकत नाही पण टुरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स विचारा, पावती घ्या, लाइफ जॅकेट बोटीत चढायच्या आधी डोळ्यांनी बघा. पोहता येत नसेल तर अंडरसी वॉक करा, डोक्यावर हेल्मेट घालून तीन-चार मीटर खाली चालायचं, छान आहे, फक्त सर्दी, कानाचा त्रास किंवा दमा असेल तर नको. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँच्या डॉल्फिनबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगते, पहाटे एका कळपामागे बोटींची झुंड लागते, मला ते बघवत नाही. करायचंच असेल तर जो बोटवाला लांब इंजिन बंद करून थांबतो त्याच्याबरोबर जा.

प्रश्न: वय 71. बीच वगैरे मुलं बघतील. तिथे मराठी लोक आहेत असं ऐकून आहे, मला ते बघायचंय. कुठे जावं? – एक आजोबा, चिपळूण

उत्तर: आजोबा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मुलांना एक दिवस बीचवर सोडा आणि तुम्ही राजधानीला, पोर्ट लुईसला जा.

बंदराशेजारी, बस स्टँडच्या जवळच आप्रवासी घाट आहे. 1834 पासून करारावर आलेले भारतीय मजूर इथे उतरायचे, ॲटलास जहाजातले पहिले मजूर 2 नोव्हेंबरला उतरले, तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टी असतो. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. बिहारकडची जास्त, पण मुंबई बंदरातून चढलेल्यांत आपल्या कोकणातले बरेच. आज तिथे काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, न्हाणीघरं, मजुरांच्या खोल्या यांचे अवशेष आहेत, बघायला तिकीट नाही. शनिवारी लवकर बंद होतं, रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा. त्या पायऱ्या चढायच्या नाहीत, फक्त बघायच्या, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नाही.

पोर्ट लुईसजवळच्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची दफ्तरं आहेत, नाव, गाव, वय, अंगावरची खूण, नंतरच्या काळातले फोटोसुद्धा. तिथले लोक आपल्या पणजोबांचं गाव त्यातून शोधतात. मोकालाच महाराष्ट्र भवन आहे, तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा 2023 मध्ये बसवला. शाळांत मराठी शिकवतात. तरी मराठी घरातला तरुण मुलगाही रोजचं क्रिओलच, म्हणजे तिथली बोलीभाषाच बोलतो, तुमच्याशी कदाचित हिंदीत बोलेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दीड-पावणेदोनशे वर्षं झाली. पण त्यांची झाकरी बघायला मिळाली तर बघाच, तुमच्याकडची जाखडीच ती, गोल धरून पाय आपटत नाचतात, तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. जमलं तर गणपतीत जा. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते आणि विसर्जनाला वाजतगाजत समुद्रावर, नदीवर जातात.

पोर्ट लुईसच्या बाजारात जेवून घ्या, तुम्हाला धोल पुरी चावायला सोपी जाईल. वेळ उरला तर पाम्प्लेमूसची बाग, ताटाएवढ्या नव्हे, परातीएवढ्या पानांची कमळं आहेत, बॅटरीवरची गाडी मिळते का विचारा.

प्रश्न: पैसे कसे न्यावे? यूपीआय चालतं म्हणे. – बऱ्याच जणांचा

उत्तर: फेब्रुवारी 2024 पासून सुरू झालंय, पण धोल पुरीवाल्याला रोखच द्यावी लागते. त्यांचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोनच्या आसपास, त्यामुळे किंमत बघताना मनात जवळजवळ दुप्पट करत जा. नोटेवर हिंदी आणि तमिळही आहे, आईबाबांना दाखवायला मजा येते. घासाघीस फक्त बाजारात कपडे-वस्तूंची करा, खाण्याच्या गाडीवर नको.

प्रश्न: डिसेंबर की जून? – एक वाचक, औरंगाबाद

उत्तर: मे, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्या उलट आहे तिथे, जून-जुलै थंडी (म्हणजे स्वेटर नाही, विंडचीटर), संध्याकाळी पावणेसहाला सूर्य मावळतो. डिसेंबरात पाणी गरम, दिवस मोठा, आंबे-लिची असतात, पण दर चढे. जानेवारी ते मार्च वादळाचा काळ, इशारा लागला की सगळं बंद, विमानंसुद्धा. तेव्हा जायचंच झालं तर तारखा बदलता येणारं तिकीट काढा.

प्रश्न: आमचा एक दिवस रविवार येतोय. सगळं बंद असतं म्हणतात, मग काय करायचं? येताना काय आणावं? – एक वाचक, सांगली

उत्तर: दुकानं दुपारी बंद होतात हे खरं. पण रविवार हाच पब्लिक बीचचा दिवस. किनारे सगळे सरकारी, हॉटेलसमोरचे असले तरी वाळूवरून चालत जायचा हक्क सगळ्यांना आहे. माँ श्वाझी किंवा फ्लिक-आं-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, सोबत बिर्याणीचं पातेलं, दुपारनंतर कोणीतरी राव्हान (डफासारखं वाद्य) वाजवायला लागतं आणि सेगा, म्हणजे तिथलं नाचगाणं, सुरू होतो. रिसॉर्टमध्ये बुधवारी रात्री जो सेगा दाखवतात तो झगे घालून, हा चड्डी-बनियनवर, आणि हाच बघा. कडेच्या गाडीवर सोलून, चिरून, काठीला लावलेलं छोटं अननस मिळतं, चिंच-मिरची लावून घ्या.

खरेदी गुरुवारी किंवा रविवारी सकाळी कात्र बोर्नच्या कपड्यांच्या बाजारात. क्यूरपीप, रोज हिलची दुकानं गुरुवारी दुपारी बंद असतात, हे लोक विसरतात आणि परत येतात. आणायला व्हॅनिलाच्या शेंगा, व्हॅनिलाचा चहा, आणि त्यांची काळपट, ओलसर साखर, सांगलीच्या माणसाने साखर आणावी हे विचित्र वाटेल पण ती चहात नाही, भाकरीबरोबर तुपात कालवून खाऊन बघा. डोडोची किचेन घेऊ नका, बहुतेक बाहेर बनून येते. शिंपले, प्रवाळ तर उचलूच नका, विमानतळावर काढून घेतात आणि वर दंडही होऊ शकतो.